आठ मिनिटांची स्लाइड: ऑलमन ब्रदर्सचा 'ॲट फिलमोर ईस्ट'

रात्रपाळी (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री १.२०

मंडळी, नाइट शिफ्टला आहे. मशिनं चालू, अलार्म गप्प, म्हणून लिहायला घेतलं.

स्लाइड गिटारचा लाइव्ह अल्बम म्हटलं की पहिलं नाव निघतं ते ऑलमन ब्रदर्स बँडच्या 'ॲट फिलमोर ईस्ट'चं. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात वाजवलेला, त्याच वर्षी जुलैत बाजारात आलेला, दोन तबकड्यांचा. मीही कॉलेजपासून हेच ठोकून सांगत आलोय. परवा सहज कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि कुठल्या गाण्यात बँडचा गिटारवाला ड्वेन ऑलमन याच्या बोटात काचेची बाटली आहे ते टिपत गेलो.

एकूण गाणी सात. पहिलं 'स्टेट्सबरो ब्लूज', चार मिनिटं: आहे. दुसरं 'डन समबडी राँग', पुन्हा चार मिनिटं: आहे. पुढची पाच गाणी: नाही, नाही, नाही, नाही, नाही. सव्वा तासाच्या वरचा अल्बम आणि स्लाइड जेमतेम आठ मिनिटं! म्हणजे इतकी वर्षं आपण सगळे थापा मारत होतो की काय?

दोन रात्री ऐकून माझं मत असं झालंय की थापा नव्हत्या. तिसऱ्या गाण्यापासून तो बाटली काढून ठेवतो, पण हात बाटलीचाच राहतो. 'स्टॉर्मी मंडे' ऐका. आठ-साडेआठ मिनिटांचं संथ गाणं, मूळ टी-बोन वॉकरचं. त्यात ड्वेन स्वरावर थेट बोट ठेवतच नाही. खालून तार ओढत येतो, पोचतो, तिथे जरा रेंगाळतो, आणि पुढचं वाक्य सुरू करण्याआधी श्वास घेतो. गिटारवाल्याला श्वास घ्यायची गरज काय? बोटांना दम लागत नाही. हा घेतो. ही सवय त्याला स्लाइडनेच लावली असणार, कारण स्लाइडवर भराभर बोलताच येत नाही, गावंच लागतं.

'यू डोन्ट लव्ह मी' म्हणजे एका गाण्याची अख्खी एक बाजू, १९ मिनिटं. मध्येच सगळे थांबतात. दोन ड्रम, बेस, ऑर्गन, सगळं बंद. एकटा ड्वेन. एक वाक्य वाजवतो, थांबतो. त्या शांततेत प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडतं, 'रात्रभर वाजव!' अडीच-पावणेतीन हजार माणसांचं थिएटर आणि तेवढा एकच आवाज. हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो.

तर प्रश्न असा: बाटली बोटात नसताना वाजवलेलं तुम्ही स्लाइड म्हणाल का?

मावळतीचा_मोर | गुरुवार, सकाळी ७.०५

वाचनखूण साठवली. पण मालक, आधी आमच्यासारख्यांना सांगा की बाटली म्हणजे काय! आम्ही गिटारच्या वाटेला कॉलेजात तीन महिने गेलो होतो, बोटं सोलवटून परत आलो.

ओपन_ई | गुरुवार, सकाळी ९.३०

मी सांगतो, कारण हे व्यसन मला आहे.

साध्या गिटारवर बोटाने तार दाबून फ्रेटला (गळ्यावरच्या धातूच्या पट्टीला) टेकवायची. स्लाइडमध्ये तार दाबायचीच नाही. करंगळीत किंवा तिच्या शेजारच्या बोटात काचेची वा धातूची नळी घालायची आणि ती तारेवर नुसती टेकवून सरकवायची. गंमत इथे आहे: बोटाने वाजवताना फ्रेटच्या मागे कुठेही दाबलं तरी सूर बरोबरच येतो, तो फ्रेट सांभाळून घेतो. स्लाइडमध्ये नळी धातूच्या पट्टीच्या बरोब्बर वर यायला हवी. केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर. सतारीवरून सरोदवर गेलेल्या माणसाला जे होतं तेच. आणि नळीच्या मागे उरलेल्या तारेची कुरकुर थांबवायला मागची बोटं हलकी टेकवून ठेवावी लागतात. हे कुणी सांगत नाही आणि पहिले सहा महिने आपण गिटारला दोष देत बसतो.

ड्वेन स्लाइडसाठी गिटार वेगळी लावायचा. काही न दाबता सगळ्या तारा छेडल्या की ई मेजर हा स्वरमेळ वाजला पाहिजे, म्हणून तिला ओपन ई म्हणतात (माझ्या आयडीचा उगम). स्लाइड वाजवताना मिजराब-बिजराब काही नाही, उजव्या हाताची बोटं आणि अंगठा. ती बाटली म्हणजे कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली. धाकटा भाऊ ग्रेग सांगायचा ती हकिगत अशी: ड्वेन घोड्यावरून पडला, कोपर दुखावलं, आणि त्याचा राग ग्रेगवर. वाढदिवसाला ग्रेगने ताज महालचा (गायक, आग्र्याचा नव्हे) पहिला अल्बम आणि सर्दीच्या गोळ्या दारात ठेवल्या, बेल वाजवली आणि पळाला. थोड्या वेळाने ड्वेनचा फोन: ताबडतोब ये. गोळ्या टेबलावर ओतलेल्या, लेबल धुऊन काढलेलं, रिकामी बाटली बोटात. त्या अल्बममध्ये 'स्टेट्सबरो ब्लूज' होतं, त्यावर जेसी एड डेव्हिसची स्लाइड. मूळ गाणं ब्लाइंड विली मॅक्टेलचं, १९२८ चं, बारा तारांच्या गिटारवरचं.

माझ्याकडे कोरिसिडिन नाही. मी पाना सेटमधला लांब सॉकेट वापरतो. जड आहे, पण काच फुटायची भीती नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली एकदा कापायला गेलो होतो, तो किस्सा टाक्यांसकट वेगळ्या धाग्यात.

तिरकस | गुरुवार, दुपारी १२.१५

लेख छान, पण 'लाइव्ह' हा शब्द जरा जपून. 'यू डोन्ट लव्ह मी' हे दोन वेगवेगळ्या वेळी वाजवलेल्या गाण्यांना टाका घालून केलेलं आहे. 'स्टॉर्मी मंडे'मध्ये थॉम डुसेटचा हार्मोनिका होता, तो तुकडाच मूळ तबकडीतून उडवला, पुढे १९९२ च्या आवृत्तीत परत आणला. कात्री लावलेलं गाणं लाइव्ह कसं? मग सिनेमालाही नाटक म्हणा.

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी ३.४०

आत्ता उठलो. तिरकसराव, मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही.

कात्री टॉम डाउडची. हा माणूस विशीच्या आत-बाहेर असताना अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम करून आलेला आणि मग अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये आयुष्यभर ध्वनिमुद्रण केलेला. तो तेव्हा घानामधून एका कार्यक्रमाचं काम आटोपून नुकताच परतला होता. बाहेर ट्रकमध्ये मशिनवर बसला आणि बघतो तर स्टेजवर सॅक्सोफोनवाले! बँडने मित्रांना बोलावून आणलेलं. डाउड हादरला. त्याने ड्वेनला सांगितलं, ही पिपाणी उद्या नको. आणि रोज रात्री खेळ संपला की सगळे अटलांटिकच्या स्टुडिओत जाऊन त्याच दिवसाची टेप ऐकायचे. हे गाणं जमलं, उद्या नाही वाजवलं तरी चालेल; ते नाही जमलं, उद्या परत.

म्हणजे कात्री नंतर आली, आधी कान आला. स्वतःचंच वाजवलेलं त्याच रात्री ऐकून दुसऱ्या दिवशी परत स्टेजवर चढणं, यात मला तरी फसवणूक दिसत नाही. ज्याला सगळं कच्चं हवं त्याच्यासाठी २०१४ साली सहा डिस्कचा संच आलाय, त्यात १२ आणि १३ मार्चचे चारही खेळ आहेत. ते ऐकून पुन्हा मूळ सात गाण्यांकडे आलात की डाउडच्या कात्रीला हात जोडाल. हार्मोनिकावाल्या 'स्टॉर्मी मंडे'पेक्षा मला अजूनही कापलेलं आवडतं. डुसेटप्रेमींनी माफ करावं.

खर्जातला_सा | गुरुवार, संध्याकाळी ६.५०

सुंदर धागा. वाचताना सारखं वाटत होतं, ही तर आपली मैफलच! आलापी, मग लय वाढवणं, दोन गिटारींची जुगलबंदी...

तिरकस | गुरुवार, संध्याकाळी ७.१०

आलं! कुठलंही परकं संगीत आवडलं की तिसऱ्या प्रतिसादाला मैफल आलीच पाहिजे, असा नियम आहे का? यांची मैफल बिफल काही नव्हती. बँडचा एक ड्रमर जेमो, जॅझच्या तबकड्या घेऊन आलेला. त्याने बाकीच्यांना माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन पाजले. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ऐका, त्यात ब्लूज शोधायला भिंग लागेल. दोन स्वरमेळांच्या पायावर कुणी किती वेळ उभं राहू शकतं, हे त्यांनी माइल्सकडून घेतलं. आणि १९६९ च्या जॉर्जियात पाच गोरे आणि एक काळा एका गाडीतून हिंडत होते, एका ताटात जेवत होते, ते त्या मातीतलं धाडस आहे. त्याला आपला फेटा कशाला बांधता?

खर्जातला_सा | गुरुवार, रात्री ९.००

फेटा काढला. पण एक गोष्ट सांगून जातो, ती मैफल नव्हे, निव्वळ गणित.

आमचे मामा तबलजी. शेवटचं गाणं, 'व्हिपिंग पोस्ट', त्यांना न सांगता लावलं. बेरी ओकलीचा बेस एकटाच सुरू होतो. मामा पेपर वाचत होते. पेपर तसाच, पण उजव्या हाताची बोटं पेरांवर फिरायला लागली. दोन आवर्तनं झाली आणि म्हणाले, 'अकरा आहेत रे. तीन, तीन, तीन आणि दोन. तो शेवटी एक मात्रा खातो, म्हणून प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखं वाटतं.' मग म्हणाले, रुद्र तालाच्या मात्राही अकराच. मी खूश. तेवढ्यात गायन सुरू झालं आणि सरळ बाराची चाल आली. मामांनी पेपरचं पान उलटलं. 'हां, आता घरी आला.'

गाणं ग्रेगचं. रात्री सुचलं, कागद मिळेना, म्हणून काडेपेटीतल्या काड्या जाळून त्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या फळीवरच्या कापडावर लिहून काढलं म्हणे. ड्वेन त्याला म्हणाला, तुला अकराचा ताल समजतो हे माहीत नव्हतं. ग्रेग म्हणाला, अकराचा ताल म्हणजे काय?

तिरकस | गुरुवार, रात्री ९.०४

मामांना नमस्कार सांगा. हे चालेल.

पेरूची_फोड | गुरुवार, रात्री १०.३० (आमच्याकडे दुपार)

अटलांटाहून लिहितेय. एवढं जवळ राहून इथे बोलले नाही तर वाईट दिसेल.

बँडचं गाव मेकन, आमच्यापासून गाडीने दीड तास. गेल्या वर्षी सासू-सासरे आले होते तेव्हा सगळ्यांना नेलं. व्हाइनव्हिल अव्हेन्यूवर 'बिग हाउस' नावाचं घर आहे, बँडमधले बरेच जण बायकामुलांसकट तिथे राहायचे, आता संग्रहालय झालंय. सासूबाई स्वयंपाकघर बघून म्हणाल्या, एवढ्या पोरांना जेवायला कोण घालत होतं? उत्तर गावातच आहे. एच अँड एच नावाची खाणावळ आणि तिथल्या 'मामा' (म्हणजे आई) लुईस हडसन. पोरांकडे पैसे नसायचे तेव्हा त्या वाढायच्या. सासूबाईंना बाकी संगीतातलं काही समजलं नाही, पण हे समजलं.

मग रोझ हिल स्मशानभूमी. उतारावर जुनी झाडं, खाली रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे ओकमल्गी नदी. बँडचा दुसरा गिटारवाला डिकी बेट्स इथेच येऊन बसायचा आणि इथल्याच एका थडग्यावरचं नाव त्याने गाण्याला दिलं: एलिझाबेथ रीड. ज्या बाईसाठी ते मनात होतं तिचं नाव उघड करायचं नव्हतं. आणि त्याच दफनभूमीत ड्वेन आणि बेरी ओकली शेजारीशेजारी. ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ ला गेला, मोटरसायकलच्या अपघातात. वय २४. अल्बमला विक्रीबद्दलची सोन्याची तबकडी मिळून आठवडासुद्धा झाला नव्हता. बेरी वर्षभराने, नोव्हेंबर १९७२ मध्ये, तोही मोटरसायकलवरच, ड्वेनच्या अपघाताच्या जागेपासून दोन-तीन गल्ल्या अलीकडे, तोही २४ चा. ग्रेगही २०१७ पासून तिथेच आहे. आम्ही उभे होतो तेव्हा खालून मालगाडी गेली, बराच वेळ जात राहिली. सासरे डबे मोजत होते.

मावळतीचा_मोर | गुरुवार, रात्री ११.१५

ड्वेन पीच फळांच्या ट्रकला धडकला आणि म्हणून पुढच्या अल्बमचं नाव 'ईट अ पीच' ठेवलं, असं वाचलंय कुठेतरी. खरं का?

पेरूची_फोड | गुरुवार, रात्री ११.२५

नाही हो. ट्रक क्रेनवाला होता, फळांचा नव्हे. नाव ड्वेनच्याच एका मुलाखतीतल्या बोलण्यावरून घेतलंय: जॉर्जियात आलो की शांततेच्या नावाने एक पीच खातो, असं काहीसं.

ओपन_ई | शुक्रवार, रात्री १२.०५

अवांतर: मुखपृष्ठावर सगळे इतके का हसताहेत माहितीये? जिम मार्शलने फोटो काढला तो फिलमोरला नाहीच, मेकनमध्येच, विटांच्या भिंतीपुढे सामानाच्या पेट्या रचून. सकाळची वेळ, सगळे वैतागलेले, कुणी हसेना. तेवढ्यात ड्वेनला ओळखीचा 'माल'वाला दिसला. धावत गेला, पुडी घेऊन आला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पेटीवर येऊन बसला. सगळे फुटले. मार्शलने तेव्हाच खटका दाबला. मागच्या बाजूला बँडऐवजी सामान वाहणाऱ्या पोरांचा फोटो, हातात बिअर. हमालांना मलपृष्ठ दिलेला दुसरा अल्बम मला तरी पटकन आठवत नाही.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. रात्रपाळी, तुमचं अर्धं पटतं. ओढून घेतलेला स्वर स्लाइडसारखा वाटतो हे खरं. पण स्लाइड म्हणजे नुसतं घसरणं नव्हे. 'स्टेट्सबरो'ची पहिली ओळ, निवेदकाने 'ओके, द ऑलमन ब्रदर्स बँड' म्हटल्या म्हटल्या जी फाडकन येते, तिच्यात काचेचा एक खरखरीत काठ आहे. हार्मोनिका तोंडात घट्ट दाबल्यावर येतो तसा. बोटातून तो येत नाही. मी दहा वर्षं प्रयत्न करून सांगतोय. त्यामुळे मी आठ मिनिटं ती आठच मोजणार. फक्त इतकंच म्हणेन की त्या आठ मिनिटांनी कान असे तयार होतात, की पुढचा तासभर आपण सगळं त्याच कानाने ऐकतो. त्याने अल्बमची सुरुवात स्लाइडने केली, तिथेच आपली शिकार झाली.

खरी जास्त स्लाइड हवी तर 'ईट अ पीच'वर जा. 'ट्रबल नो मोअर' आणि 'वन वे आउट', दोन्ही फिलमोरच्याच स्टेजवरची. दुसरं तर थिएटर कायमचं बंद झालं त्या २७ जूनच्या खेळातलं.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री २.३०

'तिथेच आपली शिकार झाली.' हे मान्य. मी उलट्या बाजूने बघत होतो. त्याचा हात बदलला नाही असं म्हणत होतो. बदलला तो आपला कान.

खर्जातला_सा | शुक्रवार, पहाटे ५.१०

झोप उडाली तुमच्यामुळे. पुन्हा भारतीय संदर्भ देतोय, तिरकसरावांनी लाठी बाजूला ठेवावी, कारण हा खराखुरा आहे. ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक ट्रक्स. ड्वेन गेल्यावर आठ वर्षांनी जन्मला, पोरवयात स्लाइड हातात घेतली आणि १९९९ मध्ये याच बँडमध्ये आला. तो कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकायला गेला होता. सरोदला पडदे नाहीत, स्लाइडलाही पडद्याचा आधार नाही. त्याची स्लाइड ऐकताना मींड ऐकू येते ती आपल्या मनाची नाही, त्याने ती शिकून आणलेली आहे.

तिरकस | शुक्रवार, पहाटे ५.३०

लाठी बाजूला ठेवली आहे. तुम्ही सगळे झोपता कधी?

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ६.०२

शिफ्ट संपली. चार्ज देऊन गेटवर उभा राहून लिहितोय.

१३ मार्चच्या दुसऱ्या खेळाआधी बॉम्बची धमकी आली होती, थिएटर रिकामं करून तपासलं, त्यामुळे खेळ मध्यरात्र उलटून कधीतरी सुरू झाला आणि संपेपर्यंत उजाडलं होतं. लोक दारं उघडून थेट सकाळच्या उन्हात बाहेर पडले. रात्रपाळीवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आत काय चाललं होतं ते बाहेरच्या दूधवाल्याला ठाऊक नसतं, आणि आपल्यालाही ते कुणाला सांगत बसायची ताकद उरलेली नसते.

आत्ता कानात 'व्हिपिंग पोस्ट'चं शेवटचं मिनिट आहे. गाण्याआधी कुणीतरी त्याचं नाव ओरडतं आणि ड्वेन 'ओळखलंत' म्हणतो. तिथून २२ मिनिटं झाली. गाणं संपलंय असं वाटतं, टाळ्या सुरू होतात, पण मागे बुच ट्रक्सचे टिंपनी (मोठे नगारे) हळूच वाजायला लागतात आणि आवाज विरत जातो. ते संपणं नाहीच. ते पुढचं गाणं आहे, 'माउंटन जॅम', तबकडीवर मावलं नाही म्हणून कापलेलं. ते पुढच्या वर्षी 'ईट अ पीच'वर आलं, ३३ मिनिटांचं, दोन बाजूंवर वाटून. आणि त्याच्या शेवटाकडे ड्वेन पुन्हा बाटली बोटात घालतो.

कंपनीची बस ६.१० ची आहे, घरी पोचायला वीस मिनिटं. पुढची ६.५० ची.

६.५० ने जातो.